खटला सर्वांना ठाऊक, तबकडी कोणी ऐकली? : प्लास्टिक पीपल आणि 1974 चे प्राग

मध्यलय (धागाकर्ता)

'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या चेक रॉकसंचाचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेले असते. त्याचे गाणे मात्र ऐकलेले नसते. चेक नाटककार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वात्स्लाव हावेल यांच्या चरित्रात किंवा पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटींच्या इतिहासात हे नाव एखाद्या परिच्छेदापुरते येते. केस वाढवलेल्या काही तरुणांना 1976 मध्ये संगीत वाजवल्याबद्दल तुरुंगात टाकण्यात आले, त्यांच्या बाजूने लेखक आणि तत्त्वज्ञ उभे राहिले, त्यातून मानवी हक्कांची मागणी करणारे 'चार्टर 77' हे निवेदन जन्मले आणि 1989 मध्ये ती राजवटच कोसळली, असा तो परिच्छेद असतो. त्यात हे तरुण वाजवत काय होते, याचा एका ओळीनेही उल्लेख नसतो. मीही अनेक वर्षे त्या परिच्छेदावरच समाधान मानले होते. या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका माझ्याकडे सीडीच्या रूपात होती, परंतु ती मी 'ऐतिहासिक दस्तऐवज' म्हणून कपाटात ठेवली होती. गेल्या महिन्यात ती पुन्हा काढली, सलग काही रात्री ऐकली, आणि आपण एका चांगल्या तबकडीवर अन्याय करत होतो, हे लक्षात आले. म्हणून हा धागा.

ध्वनिमुद्रिकेचे नाव 'एगोन बोंडीज हॅपी हार्ट्स क्लब बॅन्ड'. बीटल्सच्या 1967 च्या सुप्रसिद्ध अल्बमच्या नावाची ही थट्टा आहे, आणि त्यातील शेवटचा शब्द मूळ इंग्रजीत वाद्यवृंद या अर्थाचा नसून 'बंदी घातलेला' या अर्थाचा आहे. देवनागरीत लिहिताना या कोटीचा जीवच जातो, कारण आपण दोन्ही शब्द जवळपास एकसारखेच उच्चारतो आणि लिहितो. एका अर्थी आपल्या लिपीनेच बंदी आणि बँड यांचे अद्वैत साधले आहे, असे म्हणावे लागेल.

थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. 20 ऑगस्ट 1968 च्या रात्री वॉर्सा करारातील देशांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले आणि 'प्राग वसंत' म्हणून ओळखली जाणारी सुधारणांची लाट थांबली. त्यानंतर महिन्याभरातच, सप्टेंबरमध्ये, मिलान ह्लावसा या सतरा वर्षांच्या बेसवादकाने मित्रांसह हा संच काढला. संचाचे नाव फ्रँक झापा यांच्या एका गाण्यावरून घेतलेले होते. एप्रिल 1969 मध्ये गुस्ताव हुसाक सत्ताधारी साम्यवादी पक्षाच्या सर्वोच्च पदावर आले आणि 'सामान्यीकरण' नावाचे पर्व सुरू झाले. हा शब्द सरकारनेच वापरात आणला होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या चेक माणसापुढे तो आजही उच्चारला तर त्याची मुद्रा बदलते, असे म्हणतात. कलावंतांच्या बाबतीत सामान्यीकरणाचा अर्थ असा होता की, वाजवायचे असेल तर परवाना हवा, परवान्यासाठी समितीपुढे परीक्षा हवी, आणि समितीला तुमचे केस, तुमचे नाव आणि तुमची इंग्रजी गाणी यांपैकी काहीच आवडणारे नव्हते. 1970 मध्ये संचाचा व्यावसायिक दर्जा काढून घेण्यात आला. दर्जाबरोबर सरकारी मालकीची वाद्ये गेली, तालमीची जागा गेली आणि पैसे घेऊन वाजवण्याचा हक्कही गेला.

या स्थितीत संच कसा टिकला, याच्या कथा रंजक आहेत. इव्हान यिरोउस हे कलासमीक्षक संचाचे कलादिग्दर्शक होते आणि कलावंतांच्या अधिकृत संघाचे सदस्यही होते. त्या सदस्यत्वाच्या आधारे ते अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्यावरील व्याख्यानासाठी सभागृह मिळवत, काही पारदर्शिका दाखवत, आणि मग वॉरहॉल यांच्याशी संबंधित असलेल्या 'व्हेल्वेट अंडरग्राउंड' या अमेरिकी संचाच्या संगीताचे 'प्रात्यक्षिक' म्हणून प्लास्टिक पीपल वाजवायला उभे राहत. व्याख्यान थोडक्यात आटोपे आणि प्रात्यक्षिक मात्र बराच वेळ चाले, हे सांगायला नकोच.

परंतु माझा मुद्दा याच्या पुढे सुरू होतो. तोपर्यंतचा हा संच इतरांची गाणी, तीही इंग्रजीत, वाजवणारा होता; पॉल विल्सन नावाचा, प्रागमध्ये इंग्रजी शिकवणारा एक कॅनेडियन तरुण 1970 ते 1972 या काळात त्यांच्याबरोबर गात होता. नंतर व्रातिस्लाव ब्राबेनेत्स हे सॅक्सोफोनवादक आले. वयाने ह्लावसापेक्षा बरेच मोठे, जॅझमध्ये मुरलेले. संचात यायचे असेल तर यापुढे परक्यांची गाणी वाजवायची नाहीत, आपलेच संगीत आपल्याच भाषेत करायचे, अशी अट त्यांनी घातली. मग शब्द कोणाचे, असा प्रश्न आला, आणि ह्लावसाच्या हाती एगोन बोंडी यांच्या कविता पडल्या. सरकारने केस कापायला सांगितले तेव्हा हा संच बदलला नाही. एका सॅक्सोफोनवादकाने अट घातली तेव्हा बदलला, आणि ही ध्वनिमुद्रिका त्या बदलाची पहिली साक्ष आहे. खटल्याच्या कथेत ही अट कुठेच येत नाही.

मुद्रण 1974 च्या सुमारास, प्रागच्या उत्तरेला असलेल्या हौस्का या तेराव्या शतकातील गढीत झाले. स्टुडिओ मिळणे शक्यच नव्हते. त्या काळी गढीचे व्यवस्थापक म्हणून स्वातोप्लुक कारासेक काम करत होते. ते मूळचे प्रॉटेस्टंट पाद्री, पण प्रवचनाचा परवाना काढून घेतला गेल्यामुळे तेथे आलेले. म्हणजे प्रवचनाची परवानगी नसलेल्या पाद्र्याच्या आश्रयाने, वाजवण्याची परवानगी नसलेल्या संचाने, छापण्याची परवानगी नसलेल्या कवीचे शब्द गायले. या गढीचे प्रार्थनामंदिर नरकाचे दार बंद करण्यासाठी बांधले गेले, अशी एक दंतकथा आहे आणि पर्यटकांना ती आवर्जून सांगतात; ती मी येथे फक्त नोंदवून सोडून देतो.

आता प्रत्यक्ष श्रवणाविषयी. पहिल्यांदा कानात भरतो तो बेस. ह्लावसाच्या चाली गिटारवर सुचलेल्या वाटत नाहीत. चारपाच स्वरांचा एक जड तुकडा बेसवर सुरू होतो आणि तो गाणे संपेपर्यंत हलत नाही. त्याच्यावर यिर्शी काबेश यांचा व्हायोला घासल्यासारखा वाजतो, स्वराच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे, आणि ते अंतर मुद्दामच राखलेले आहे की काय, अशी शंका येत राहते. ब्राबेनेत्स यांचा सॅक्सोफोन मात्र या चौकटीत बसायला नकार देतो. तो मध्येच येतो, किंचाळतो, गप्प होतो, आणि बेस आपला तोच तुकडा वाजवत राहतो. ह्लावसाचा आवाज गाण्याचा नाहीच. एखादा माणूस हजेरीपट वाचून दाखवत आहे, अशा सपाट सुरात तो कविता म्हणतो. 'मागित्स्के नोत्सी', म्हणजे 'जादूच्या रात्री', या गाण्यात हा सपाटपणा अंगावर येतो. आम्ही प्रागमध्ये राहतो आणि प्रत्यक्ष आत्मतत्त्व एक दिवस प्रकट होईल ते ठिकाण हेच, अशा आशयाची ओळ त्यात आहे. ती ओळ अत्यंत श्रद्धेने किंवा अत्यंत उपहासाने म्हणता आली असती. तो ती दोन्ही प्रकारे म्हणत नाही, आणि मला त्या गाण्याकडे पुन्हा पुन्हा जावेसे वाटते ते त्यामुळेच.

ध्वनिफीत देशाबाहेर गेली आणि 1978 मध्ये पश्चिम युरोपात तबकडी निघाली, तीही संचाच्या थेट सहभागाशिवाय. तोपर्यंत खटला होऊन गेला होता. पश्चिमेतल्या श्रोत्याच्या हाती तबकडी पोहोचली तेव्हा तिच्याबरोबर एक पुस्तिका आणि एक दंतकथाही पोहोचली. चार वर्षांपूर्वीचे संगीत त्याने चालू वर्षाच्या बातमीच्या कानाने ऐकले, आणि माझ्या मते तिची उपेक्षा तेथूनच सुरू झाली.

---

शिशिरसंध्या

लेख आवडला. आपल्या शिफारशीवरून काल रात्री पूर्ण ध्वनिमुद्रिका ऐकली आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मला ती बरीचशी कर्कश वाटली. दोन शंका आहेत. एक म्हणजे, चेक भाषेचा एक शब्दही कळत नसताना, कवितेवरच उभ्या असलेल्या या संगीतातून आपल्याला नेमके काय मिळणार? दुसरी शंका अशी की, एकच आवर्तन घोळवणारा बेस आणि घासणारा व्हायोला हे तर 'व्हेल्वेट अंडरग्राउंड'ने 1967 मध्येच करून ठेवले होते. मग सात वर्षांनी प्रागमध्ये झालेली ही त्याची प्रतिकृती केवळ ती बंदीखाली झाली म्हणून मोठी मानायची का? तसे असेल तर आपणही त्या परिच्छेदाचेच वाचक ठरता, अशी माझी नम्र तक्रार आहे.

---

मध्यलय

तक्रार योग्य आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अनुकरणाचा आरोप 1972 पर्यंतच्या संचाला पूर्णपणे लागू आहे. ते तेव्हा उघडपणे तेच वाजवत होते, आणि लपवतही नव्हते. पण या ध्वनिमुद्रिकेत एक मूलभूत गोष्ट बदलली आहे, आणि ती भाषेमुळे बदलली आहे. इंग्रजी गाण्याची ओळ बहुधा एखाद्या हलक्या अक्षराने सुरू होते आणि मग तालाच्या ठोक्यावर उतरते. रॉक संगीताचा झोका मोठ्या प्रमाणावर या उचलीतून येतो. चेक भाषेत प्रत्येक शब्दाचा आघात पहिल्याच अक्षरावर असतो, आणि शब्दाआधी छोटे शब्दयोगी अव्यय आले तर आघात बहुधा त्या अव्ययावर सरकतो. परिणामी ओळ उचलीने सुरू होत नाही, ती थेट ठोक्यावर पडते. ह्लावसाने या आघातांना वळवून इंग्रजी झोका देण्याचा प्रयत्न केला असता तर गाणी हास्यास्पद झाली असती; त्या काळातल्या अनेक भाषांतरित पॉप गाण्यांची तशी गत झाली होती. त्याने उलट केले. त्याने बेसचा तुकडाच शब्दांच्या आघातावर बेतला. म्हणून हे संगीत झुलत नाही, ते खुंट ठोकावा तसे चालते. आपल्याला जे कर्कश वाटले, त्यातील काही भाग हा आहे, असे मला वाटते. 'व्हेल्वेट अंडरग्राउंड'च्या अत्यंत जड गाण्यांतही न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून बेफिकीरपणे चालणाऱ्या माणसाची लय असते. येथे ती बेफिकिरी नाही.

भाषा न कळता काय मिळते, याचे उत्तर मी भाषेच्या या शारीरिक अंगापुरतेच देऊ शकतो. शब्दांचे अर्थ नंतर शोधावेत; आघात मात्र पहिल्या ऐकण्यातच कळतात.

कर्कशपणाबद्दल वाद नाही. तो आहे.

---

टेपरेकॉर्डर

कर्कशपणाच्या चर्चेत एक तांत्रिक बाजू राहून जाते आहे. परवाना गेल्यावर या संचाकडे ध्वनिवर्धक उरले नव्हते. संचातले योसेफ यानीचेक हे पेशाने यांत्रिक कामातले. त्यांनी जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचे भाग वापरून ध्वनिवर्धक उभे केले. ज्यांनी असे जुगाड स्वतः केले आहे त्यांना ठाऊक असेल की, रेडिओच्या छोट्या परिपथाला बेस गिटारचा संकेत दिला की तो लगेच दबतो आणि लाटेची टोके कापली जातात. आवाज मोठा होण्याऐवजी जाड आणि खरखरीत होतो, आणि खालचे स्वर एकमेकांत मिसळतात. पश्चिमेतले गिटारवादक हाच परिणाम मिळवण्यासाठी तेव्हा मुद्दाम उपकरणे विकत घेत होते, तर या मंडळींना तो नको असतानाही मिळत होता. या ध्वनिमुद्रिकेतला बेस तुम्हाला 'जड' वाटतो, त्यात रचनेइतकाच या ओढाताणीचा वाटा असावा, असा माझा तर्क आहे.

दुसरे असे की, आपण आज जे ऐकतो ते मूळ फितीच्या जवळचे आहे. त्या काळच्या चेक श्रोत्याला ते सुख नव्हते. तेथे ही गाणी हातोहात नक्कल होऊन फिरली. रिळावरून रिळावर आणि पुढे कॅसेटवर अशी प्रतीची प्रत काढताना दर वेळी वरचे स्वर झिजतात आणि फितीचा सूं-सूं आवाज वाढतो. पाचव्यासहाव्या प्रतीपर्यंत व्हायोलाची धार जवळपास गेलेली असते आणि उरतो तो बेसचा गडगडाट व मधोमध एक माणसाचा आवाज. म्हणजे ज्यांच्यासाठी हे संगीत होते, त्यांनी आपल्यापेक्षा वेगळीच ध्वनिमुद्रिका ऐकली. माझ्या लहानपणी घरी नाट्यगीतांच्या अशाच अनेकदा नक्कल झालेल्या कॅसेट होत्या. पुढे मूळ ध्वनिमुद्रण स्वच्छ ऐकले तेव्हा ते मला क्षणभर खोटे वाटले होते.

---

खर्जातला सूर

चर्चा उत्तम चालली आहे. 1989 च्या चेक क्रांतीला 'व्हेल्वेट क्रांती' हे नाव 'व्हेल्वेट अंडरग्राउंड'वरून आणि पर्यायाने प्लास्टिक पीपलमुळे पडले, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. या धाग्यात त्याचा उल्लेख कसा नाही?

---

मध्यलय

उल्लेख मुद्दाम टाळला होता, कारण ती जुळवाजुळव मला आकर्षक पण पोकळ वाटते. रक्तपाताशिवाय, मखमलीसारखे मऊपणे झालेले सत्तांतर, हा त्या नावाचा सरळ अर्थ पुरेसा आहे. स्लोव्हाकियात तर त्याच क्रांतीला 'मृदू क्रांती' म्हणतात, तेथे मखमलही नाही आणि न्यूयॉर्कचा संचही नाही. 'व्हेल्वेट अंडरग्राउंड'चे गायक ल्यू रीड 1990 मध्ये प्रागला गेले, राष्ट्राध्यक्ष झालेल्या हावेल यांना भेटले आणि एका क्लबमध्ये ह्लावसाच्या पुढच्या संचाबरोबर, 'पुल्नोत्स'बरोबर, त्यांनी वाजवलेही, हे खरे आहे. नावाची दंतकथा बहुधा या भेटीच्या आसपास पक्की झाली असावी.

हीच संधी साधून खटल्याविषयीचा एक गैरसमजही दूर करतो, कारण त्याचा संबंध संगीताशी आहे. या गाण्यांत राजकीय घोषणा नाहीत. हुकूमशाहीविरुद्ध लढा, रणगाडे परत न्या, असे काहीही त्यात सापडणार नाही. एका गाण्याचे नावच 'झात्स्पा', म्हणजे 'बद्धकोष्ठ', असे आहे. फेब्रुवारी 1976 मध्ये बोयानोव्हित्से गावी यिरोउस यांच्या लग्नाच्या निमित्ताने मोठी मैफल झाली, मार्चमध्ये वीसहून अधिक जणांना अटक झाली, आणि सप्टेंबरमध्ये प्रागमध्ये चौघांवर खटला चालला. आरोप राजद्रोहाचा नव्हता, तो सार्वजनिक शांतता बिघडवल्याचा होता, आणि सरकारी पक्षाचा सारा भर गाण्यांतल्या असभ्य शब्दांवर होता. यिरोउस यांना 18 महिने, पावेल झायीचेक यांना 12 महिने, आणि कारासेक व ब्राबेनेत्स यांना प्रत्येकी 8 महिने शिक्षा झाली. झायीचेक 'डीजी 307' या दुसऱ्या संचाचे आणि कारासेक तर गिटारवर आध्यात्मिक गीते म्हणणारे पाद्री. ह्लावसा आरोपींच्या पिंजऱ्यात नव्हताच. 'प्लास्टिक पीपलचा खटला' असे आपण म्हणतो खरे, पण चौघांपैकी संचात प्रत्यक्ष वाजवणारे एकटे ब्राबेनेत्स होते.

हावेल यांना ही मंडळी 1976 च्या सुरुवातीला, अटकेच्या थोडेच आधी भेटली. यिरोउस यांनी त्यांना फिती ऐकवल्या आणि त्या संगीतात आपल्याला एक अस्वस्थ करणारी जादू जाणवली, अशा आशयाचे हावेल यांनी पुढे सांगितले आहे. म्हणजे हावेल यांनी आधी ऐकले आणि नंतर ते खटल्याला जाऊन बसले. आपण मात्र खटला वाचतो आणि तेवढ्यावरच थांबतो.

---

अर्धविराम

आतापर्यंत कोणीच न काढलेला एक विषय काढतो, कारण तो टाळून ही ध्वनिमुद्रिका ऐकता येणार नाही. जिच्या नावातच एगोन बोंडी आहेत, त्या ध्वनिमुद्रिकेचा विचार करताना बोंडी गुप्त पोलिसांचे खबरी होते, या वस्तुस्थितीचे काय करायचे? 1989 नंतर दप्तरे उघडली तेव्हा हे बाहेर आले, आणि ते एखाद्या दुबळ्या क्षणापुरते नव्हते. वेगवेगळ्या दशकांत त्यांनी हे काम केले होते. ज्या वर्तुळाने त्यांच्या कविता डोक्यावर घेतल्या, त्याच वर्तुळाची माहिती ते देत होते. तरुण मुले मारहाण सोसत होती. 1974 च्या मार्चमध्ये चेस्के बुड्येयोव्हित्से येथे मैफलीसाठी रेल्वेने आलेल्या श्रोत्यांना पोलिसांनी स्थानकावरच बडवून परत पाठवले, काहींचे शिक्षण सुटले. आणि ज्याचे शब्द ऐकायला ती मुले येत होती, तो कवी कोणाशी बोलत होता? हे कळल्यावर ती 'जादूची रात्र' मला तरी पूर्वीसारखी ऐकू येत नाही.

---

मध्यलय

या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. काही निरीक्षणे आहेत.

बोंडी यांचे खरे नाव झ्बिन्येक फिशर. जन्म 1930 चा. 1949 मध्ये, तेव्हाच्या ज्यूविरोधी वातावरणाचा निषेध म्हणून त्यांनी आणि काही मित्रांनी मुद्दाम ज्यू वाटतील अशी टोपणनावे घेतली आणि हे नाव त्यांना आयुष्यभर चिकटले. 1950 च्या दशकाच्या आरंभी, स्टालिनी दहशत ऐन भरात असताना, ते आणि इव्हो व्होद्सेद्यालेक टंकलिखित प्रतींची एक गुप्त प्रकाशनमाला चालवत होते. तिचे नाव 'पुल्नोत्स', म्हणजे 'मध्यरात्र'. ह्लावसाच्या पुढच्या संचाचे नावही तेच आहे. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांची येथे आठवण व्हावी, पण आपल्या कवींना टंकयंत्र घरात ठेवण्याची भीती बाळगावी लागत नव्हती. बोंडी स्वतःला अखेरपर्यंत मार्क्सवादी म्हणवत राहिले, राजवटीला त्यांनी डावीकडून शिव्या घातल्या, आणि चेकोस्लोव्हाकियाच्या फाळणीचा निषेध म्हणून ते ब्रातिस्लाव्हाला जाऊन राहिले. 2007 मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

या माणसाच्या कवितेचे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात आरोप करणारा 'मी' निष्कलंक कधीच नसतो. त्यांनी आणि व्होद्सेद्यालेक यांनी ज्या प्रकारची कविता लिहिली तिला ते 'अवघडून टाकणारी कविता' म्हणत: सरकारी घोषणांची भाषा आणि शौचालयातील भाषा एकाच ओळीत, कोणताही अभिप्राय न देता. त्यांच्या खबरेगिरीचे समर्थन यातून मुळीच होत नाही. पण ही गाणी शुद्ध आत्म्याच्या बंडखोराने लिहिलेली आहेत, अशी समजूत करून घेऊन ऐकली तर दप्तर उघडल्यावर ती कोसळतात. आणि ती तशी लिहिलेलीच नाहीत. अर्धविराम यांना ती पूर्वीसारखी ऐकू येत नाहीत, हे मला पटते. मलाही येत नाहीत. ह्लावसाच्या सपाट आवाजात जो अविश्वास आहे, तो मात्र मला आता अधिक नेमका वाटतो, कारण तो कवीलाही सोडत नाही.

---

शिशिरसंध्या

पुन्हा एकदा ऐकले. आघातांचे पटले, त्या दृष्टीने ऐकताना 'मागित्स्के नोत्सी' अर्ध्यावर थांबवता आले नाही. सॅक्सोफोनशी माझे अजूनही जमलेले नाही, आणि सलग ऐकले तर उत्तरार्धात कंटाळा येतो, हेही नोंदवते. नवीन माणसाने कोठून सुरुवात करावी, हे कोणी सांगेल काय? आणि या संचाच्या पुढच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात की हीच पुरे?

---

टेपरेकॉर्डर

पुढच्यांपैकी 1978 मध्ये हावेल यांच्या ह्रादेचेक येथील ग्रामीण घरात मुद्रित झालेले 'येशूच्या यातनांचे नाट्य' जरूर ऐकावे. त्याची संहिता ब्राबेनेत्स यांची आहे आणि रचना खूपच बांधीव आहे. संगीतदृष्ट्या ती पहिलीपेक्षा सरस आहे, असे माझे मत आहे. धागाकर्त्यांना ते पटणार नाही.

---

मध्यलय

पटते; पण सरस असणे वेगळे आणि पहिली असणे वेगळे. 1978 च्या संचाला आपण कोण आहोत हे ठाऊक होते, खटल्याने ते त्यांना सांगितले होते. 1974 च्या संचाला ते ठाऊक नव्हते, आणि ते चाचपडणे मला ऐकावेसे वाटते.

सुरुवात कोठून करावी, याचे माझे उत्तर 'द्वात्सेत', म्हणजे 'वीस', हे गाणे. ते आटोपशीर आहे आणि त्याचा आशय तीन वयांत मावतो. आज जो विशीत आहे त्याला किळसेने ओकावेसे वाटते; जे चाळिशीत आहेत त्यांना त्याहून अधिक ओकावेसे वाटते; फक्त साठीला पोचलेले तेवढे आपली बधिर झालेली डोकी घेऊन निवांत झोपी जाऊ शकतात. कवितेत एवढेच आहे.

हे गाणे मी अनेकदा ऐकले होते, पण मध्यंतरी सहज म्हणून हिशेब मांडला. 1973 साल धरले तर गाणारा ह्लावसा 22 वर्षांचा आहे. कविता लिहिणारे बोंडी 43 वर्षांचे आहेत. आणि पक्षाच्या सर्वोच्च पदावर बसलेले हुसाक, जन्म जानेवारी 1913, बरोबर 60 वर्षांचे. बोंडी यांनी हे आकडे मनात धरून लिहिले असा माझा दावा नाही. पण त्या वर्षी प्रागमध्ये हे गाणे ऐकणाऱ्या कोणालाही तिसरी ओळ कोणाला उद्देशून आहे, हे विचारावे लागले नसणार. आणि दुसरी ओळ, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, ती लिहिणाऱ्याने स्वतःसाठी राखून ठेवलेली आहे. खबरेगिरीच्या चर्चेनंतर मी ती दुसरी ओळ अधिक लक्ष देऊन ऐकतो.

जानेवारी 1997 मध्ये, 'चार्टर 77'ला वीस वर्षे झाली त्या निमित्ताने, हावेल राष्ट्राध्यक्ष असताना हा संच पुन्हा एकत्र आला आणि प्रागच्या किल्ल्यात वाजला. ह्लावसा तेव्हा 45 वर्षांचा होता. चार वर्षांनी, जानेवारी 2001 मध्ये, तो गेला.